बाईसाहेबांच्या पोटावरचं टक्कल

निवृत्त झाल्यावर चौथ्याच दिवशी आप्पांनी घरातल्या मांजराला शिस्त लावायचं ठरवलं. छत्तीस वर्षं त्यांनी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं होतं. नट, बोल्ट, बेअरिंग, ज्याचा खण त्याला. अशा माणसाला सोफ्यावर, खिडकीत, नुकत्याच घडी केलेल्या कपड्यांवर मनाला येईल तिथे लोळणारं जनावर बघवेना. (बायकोला शिस्त लावण्याचा विचार पहिल्या तीन दिवसांतच करून झाला होता. तो का सोडला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.)

मांजराला सगळे बाईसाहेब म्हणत. सात वर्षांच्या, पांढऱ्याशुभ्र, शेपटी तेवढी करडी. चाल अशी की, समोरच्यानं आपोआप बाजूला व्हावं. आप्पांशी त्यांची ओळख संध्याकाळपुरती होती. आप्पा सहाला दारात शिरत, बाईसाहेब त्यांच्याकडे एकदा बघत आणि आतल्या खोलीत निघून जात.

आता आप्पांनी बाईसाहेबांची जेवणाची बशी स्वयंपाकघरातून बाल्कनीत हलवली. वेळा ठरवून दिल्या. खिडकीतली गादी धूळ धरते म्हणून धुतली आणि कपाटावर टाकली. दुपारी दोन ते चार ही बाईसाहेबांची झोपेची वेळ, त्या वेळात ते त्यांचे केस विंचरू लागले.

दोन महिन्यांनी एका सकाळी बाईसाहेब उन्हात उताण्या पडल्या आणि आप्पांना त्यांचं पोट दिसलं. एक केस नव्हता. गुलाबी, तुळतुळीत, थेट आप्पांच्या डोक्यासारखं.

"अगं, हिला कातडीचा रोग झालाय," ते म्हणाले.

"मग डॉक्टरला दाखवा."

"आधी निदान तर होऊ दे."

निदान फोनवर झालं. दुपारपर्यंत अकरा व्हिडिओ बघून आप्पांनी वहीत चार रकाने आखले: खरूज, बुरशी, पिसवा, अ‍ॅलर्जी. बराच विचार करून त्यांनी बुरशी पक्की केली, कारण बुरशीचं मलम घरात होतं. (ते त्यांच्याच पायाच्या बोटांसाठी आणलेलं होतं, पण रोग तोच तर औषध तेच, असा त्यांचा हिशोब.) मलम चाटलं जाऊ नये म्हणून त्यांनी आपला जुना बनियन कापला, चार पायांना चार भोकं पाडली आणि तो बाईसाहेबांना चढवला.

बाईसाहेब मिनिटभर दगडासारख्या उभ्या राहिल्या. मग हळूच एका कुशीवर कलंडल्या.

"अगं, चक्कर आली हिला."

"चक्कर नाही, अपमान झालाय," बायको म्हणाली.

तेवढ्यात बाईसाहेब उठल्या, उलट्या पावली अर्धी खोली ओलांडून गेल्या आणि पडद्यावर चढल्या. त्यांना उतरवायला आप्पा स्टुलावर चढले. मग पडदा, पडद्याचा रॉड, बाईसाहेब आणि आप्पा, सगळे एकदमच खाली आले. बाईसाहेब पायांवर उतरल्या.

जनावरांची डॉक्टरीण तिशीतली, शांत बाई होती. तिनं आधी आप्पांच्या कपाळावरचं टेंगूळ बघितलं, मग पेशंटकडे वळली.

"हे काय लावलंय?"

आप्पांनी ट्यूब दाखवली.

"माणसाचं मलम मांजराला कधी लावायचं नाही, काका. ती चाटते, ते पोटात जातं. भलतंच होऊन बसेल."

तिनं पोट पुसून काढलं. बारीक दातांच्या फणीनं पिसवा शोधल्या, अंधार करून निळ्या दिव्याखाली बुरशी शोधली, कातडी खरवडून काचेवर घेतली. काहीच सापडलं नाही. तरी मानेवर पिसवांचं औषध टाकून तिनं तीन आठवड्यांनी बोलावलं.

"आणि तोवर तिला जरा निवांत राहू द्या."

हे एवढं वाक्य सोडून आप्पांनी सगळं लिहून घेतलं. पुढचे तीन आठवडे ते दर दोन तासांनी भिंग घेऊन बाईसाहेबांना उताणं करत आणि टकलाची लांबी-रुंदी वहीत मांडत. टक्कल मांड्यांपर्यंत पोचलं. आप्पांची झोप उडाली. सात वर्षं आपण हिच्याकडे लक्ष दिलं नाही, आता द्यायला लागलो तर ही अशी, या विचारानं त्यांना जेवण जाईना.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरणीनं दोन-चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली धरले.

"केस गळत नाहीयेत. मुळं चांगली आहेत, टोकं तुटलीत. ती स्वतःच चाटून चाटून काढतेय. मांजरं ताणात असली की असं करतात. घरात कुणी नवीन आलंय का? दुसरं मांजर, बाळ, कुणी पाहुणा?"

"छे, कुणी नाही," आप्पा म्हणाले.

"आलंय," बायको म्हणाली.

"कोण?"

"हे. तीन महिने झाले."

डॉक्टरणीनं मान खाली घालून बराच वेळ कागदावर काहीतरी लिहिलं. तिचे खांदे हलत होते.

"औषध असेल ना यावर?" आप्पांनी विचारलं.

"आहे. पण आधी कारण दूर करून बघू."

"कारण कसं दूर करायचं?"

दोघी बायका त्यांच्याकडे बघत राहिल्या.

रिक्षात आप्पांनी बाईसाहेबांची टोपली मांडीवर घेतली होती. घर जवळ आल्यावर म्हणाले, "छत्तीस वर्षं मला वाटायचं, मी कामावर असतो आणि घर माझी वाट बघतं."

"बघायचोच की," बायको म्हणाली आणि तिनं टोपलीवर ठेवलेल्या त्यांच्या हातावर हात ठेवला. "सहा वाजता."

दुसऱ्या दिवशी बशी स्वयंपाकघरात परतली, गादी खिडकीत गेली. आप्पा दहाला वाचनालयात जाऊ लागले. तिथे विस्कटलेले जुने अंक तारखेनं लावायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. अंकांनी तक्रार केली नाही. भिंग बायकोनं सुया ओवायला घेतलं.

अडीच महिन्यांत बाईसाहेबांच्या पोटावर पांढरी मऊ लव आली, मग दाट केस. डॉक्टरणीनं मोबाइलवर फोटो बघून फक्त अंगठा पाठवला. आप्पांनी तो बायकोला, शेजाऱ्याला आणि वाचनालयातल्या बाईंना दाखवला.

एका संध्याकाळी आप्पा सहाला आले, चपला काढून खुर्चीत टेकले. बाईसाहेब आतून आल्या, त्यांच्याकडे बघितलं, आणि आत न जाता सरळ उडी मारून त्यांच्या मांडीवर बसल्या. सात वर्षांत पहिल्यांदा. आप्पांनी श्वास रोखला. हात कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून तो त्यांनी हवेतच धरून ठेवला.

"अगं, बाहेर ये," ते कुजबुजले. "बघ. माझ्याशिवाय करमत नाही हिला."

बायको दारात आली. दोघांना नीट बघून म्हणाली, "तसं नाही. ती मांडीवर बसली की तुम्ही जागचे हलत नाही, हे तिला कळलंय."