वकिलांना दहापैकी चार

दुसरीच्या बाईंच्या हाताला लाल पेनाची सवय होती, आणि त्या सवयीला डोळे नव्हते. सव्वीस वर्षं मुलांच्या वह्या तपासून हात असा तयार झाला होता, की लिहिलेला कागद समोर आला की तो आपोआप चालायला लागे. घरात यजमानांनी वाण्याची यादी केली की खाली 'साबण दोनदा आला आहे' असा शेरा पडे. जिन्यात पाणी बंद असल्याची नोटीस लागली, तिलाही बाईंनी जाता जाता सहा गुण देऊन टाकले होते. यजमान हल्ली काही लिहायचं झालं तर बाई आंघोळीला गेल्यावरच लिहीत.

इतके दिवस या सवयीने कोणाचं वाईट केलं नव्हतं. पण यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, 'घर-शाळा वही' काढली. प्रत्येक मुलाला तपकिरी कव्हराची एक वही. डाव्या पानावर सोमवारी वर्गाच्या बाईंनी लिहायचं, या आठवड्यात काय शिकवणार ते. उजव्या पानावर शुक्रवारपर्यंत पालकांनी लिहायचं, घरी मुलाबरोबर काय केलं ते. घराला शाळेचं कळावं आणि शाळेला घराचं. कल्पना चांगली होती. कल्पना चांगल्याच असतात, वह्या तेवढ्या कोऱ्या परत येतात.

दुसरीच्या एकतीस वह्यांपैकी पाच भरून आल्या. शेजारच्या तुकडीच्या अठ्ठावीस आल्या, कारण तिथल्या बाई म्हणे रोज संध्याकाळी एकेका घरी फोन करून गोड आवाजात आठवण करून देत. आपल्या बाईंना गोड आवाज नव्हता. होता तो सव्वीस वर्षांत 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणण्यात खर्च झाला होता.

मोठ्या बाईंनी बोलावून शांतपणे सांगितलं, की महिनाअखेर एकतीसच्या एकतीस वह्या भरल्या नाहीत, तर दुसरीचा वर्ग नव्या बाईंना देऊ आणि तुम्ही सामानखोली बघा. सामानखोलीत नकाशे, खडूंची खोकी आणि एक पोचा आलेला पृथ्वीगोल होता. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. ती तीन वर्षं आता नकाशांबरोबर काढायची. नकाशांचे दात पडत नाहीत, आणि पडलेला दात मुठीत धरून बाईंना दाखवायला आणण्याइतका त्यांचा कोणावर जीव नसतो.

त्याच शुक्रवारी घोळ झाला. गणिताच्या वह्यांनाही तपकिरीच कव्हरं होती. शिपाईमावशींनी गणिताच्या एकतीस आणि घर-शाळेच्या पाच अशा छत्तीस वह्या एकाच पिशवीत भरल्या. बाईंनी घरी बसून त्या एका दमात तपासल्या, आणि सोमवारी मावशींनी त्या वाटूनही टाकल्या.

मंगळवारी सकाळी एका मुलाचे वडील फाटकाशी उभे होते. हे वकील. काळा कोट, हातात तपकिरी वही. ती त्यांनी बाईंपुढे उघडून धरली. वकिलांनी घरचा अभ्यास फार होतो, अशी तक्रार दीड पान लिहिली होती. खाली लाल गोलात दहापैकी चार, आणि शेरा: 'उत्तर फार लांबले. विचारले तेवढेच लिहावे.'

सामानखोलीची किल्ली बाईंच्या डोळ्यांपुढे हलायला लागली. त्या माफी मागणार, तेवढ्यात वकील आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाले, "बाई, शेजारच्या शिवणकामवाल्या ताईंना आठ कसे?"

"त्यांनी तीनच ओळी लिहिल्यात," बाईंच्या तोंडून निघून गेलं. "पण मुलाकडून बटणं मोजून घेतली, ते लिहिलंय. तुम्ही मुलाबद्दल काहीच लिहिलं नाहीत."

"मुद्दा बरोबर आहे." वकिलांनी कोटाचं बटण लावलं, सोडलं. "माझ्या बायकोने माझे गुण जिनाभर सांगितलेत. कोर्टात मी आजवर कोणापुढे खाली मान घातली नाही. पुन्हा लिहून दिलं तर तपासाल का?"

तपासीन, असं बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? वकिलांनी त्या आठवड्यात मुलाबरोबर घरातल्या सगळ्या खिडक्या वितीने मोजल्या, पाच ओळी लिहिल्या आणि साडेसहा मिळवले. ते पान त्यांनी वर्गाच्या पालकांच्या फोनवरच्या गटात टाकलं. एरवी त्या गटात 'उद्या रंगपेटी आणायची आहे का' यापलीकडे कोणी तोंड उघडत नसे. त्या दिवशी मात्र सगळ्या घरांना एकदम जाग आली. आपल्याला किती पडतील, हा प्रश्न शाळा सोडून वीस वर्षं झाली तरी माणसाच्या मानेवर बसलेलाच असतो.

पुढच्या शुक्रवारी एकोणीस वह्या आल्या, आणि निम्म्यांत खाली 'कृपया गुण द्यावेत' असं लिहिलेलं. बाईंनी सुस्कारा टाकून लाल पेन उघडलं. एका आईने लिहिलं होतं, की मुलगी तिला अभ्यासाला बसवते आणि पान पुरं झाल्याशिवाय टीव्ही लावू देत नाही. एका आजोबांना साडेआठ मिळाले, तर ते वही काखेत मारून पेपरवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना भेटून आले. एका काकांनी तर शिकवणी लावता येईल का, असं विचारलं. मुलं खूश होती. आईबाप अभ्यास करताहेत आणि आपण शेजारी बसून त्यांच्या पेन्सिलीला टोक काढून देतोय, यासारखं सुख त्यांना कुठून मिळणार?

तिसऱ्या शुक्रवारी तीस वह्या आल्या. त्यातल्या दोन मात्र शब्दाला शब्द सारख्या होत्या. एक वही गाडी शिकवणाऱ्या बाबांची, दुसरी त्यांच्या शेजारच्या चष्मेवाल्या बाबांची. दोघांनी लिहिलं होतं, 'आम्ही आमच्या मुलीला बागेत नेऊन पानांचे आकार दाखवले.' त्यातल्या चष्मेवाल्यांना मुलगाच होता. बाईंच्या हाताने जे सव्वीस वर्षं केलं तेच केलं. दोन्ही वह्यांत लाल शेरा पडला: 'नक्कल केली आहे. आपल्या पालकांना घेऊन भेटावे.'

आणि सोमवारी दोघेही आपापल्या आईला घेऊन आले.

वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात दोन मिशीवाले बाप्ये खाली मान घालून उभे, आणि पुढे दोन म्हाताऱ्या पदर खोचून. बाईंना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं, पण म्हाताऱ्यांना त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं. शाळेने बोलावलं, आल्या.

"लहानपणापासून असाच आहे हा," गाडीवाल्यांच्या आई म्हणाल्या. "याचं याला काही सुचत नाही. जरा कडक राहा, बाई."

"माझा नव्हता हो असा," चष्मेवाल्यांच्या आई म्हणाल्या. "संगत लागली."

"कोणाची कोणाला लागली, ते आख्ख्या जिन्याला ठाऊक आहे."

"आई, पुरे ना," चष्मेवाले पुटपुटले.

"तू गप. बाई बोलताहेत ना?"

बाई काहीच बोलत नव्हत्या. कारण व्हरांड्याच्या टोकाला मोठ्या बाई उभ्या होत्या, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या एक शब्द न बोलता आपल्या खोलीत निघून गेल्या. मोठ्या बाई ओरडल्या की माणूस वाचतो, गप्प बसल्या की लेखी येतं, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

आता बाईंपुढे आठवडा एकच होता आणि वही एकच उरली होती. ती बेकरीवाल्यांची. त्यांची मुलगी पहिल्या बाकावर बसायची. सगळे तिला चिमणी म्हणत. तिच्या वहीचं उजवं पान प्रत्येक वेळी कोरं यायचं. बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, की बाबांना वेळ होत नाही का.

"वेळ असतो," चिमणी म्हणाली. "पण बाबांना नापास व्हायची भीती वाटते."

त्या संध्याकाळी बाई स्वतः बेकरीत गेल्या. बेकरीवाले पिठाचे हात झटकत बाहेर आले आणि बाईंना पाहून एकदम ताठ उभे राहिले, जणू पाढा म्हणायला उठवलंय. ते खालच्या मानेने म्हणाले, "बाई, माझी वही शाळेत नेहमी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तांबडी व्हायची. मग मी लिहिणंच सोडलं. हिशेबसुद्धा बायको लिहिते. आता पोरीच्या वहीत कशाला तांबडं?"

बाईंना फार वाईट वाटलं. ती वही त्यांनी तपासली नव्हती, पण तशा किती तपासल्या असतील, याचा त्यांनाच पत्ता नव्हता. गुण देणार नाही, दोन ओळी लिहा, चिमणीबरोबर जे केलंत तेच लिहा, एवढं सांगून त्या परतल्या. लाल पेन सबंध वाटभर पर्समध्ये टोचत राहिलं.

शुक्रवारी दुपारी वर्ग सुटला आणि बाई वह्या घेऊन बसल्या. ढिगाच्या तळाशी पिठाच्या बोटांची वही होती. त्यांनी ती उघडली. उजव्या पानावर, ओळी सोडून चढत गेलेली मोठाली अक्षरं:

'रविवारी चिमणी बेकरीत आली. मी ट्रेमधले पाव एकेक मोजत होतो. ती म्हणाली बाबा सहा ओळी आहेत, एका ओळीत चार, म्हणजे सहा चोक चोवीस. मी मोजून पाहिलं. चोवीसच होते. मी अठरा वर्षं एकेक मोजत होतो.'

बाईंचा नियमच होता, दहापैकी दहा कोणाला द्यायचे नाहीत, पोरं शेफारतात. सव्वीस वर्षांत तो मोडला नव्हता. गुण देणार नाही हे वचनही होतं. पण हात चालला आणि पानाखाली दहापैकी दहा पडले, शेरा काही सुचला नाही. चष्म्याच्या आत पाणी भरलं होतं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि तशाच, चष्म्याशिवाय, टेबलावरचा शेवटचा कागद ओढून तपासून टाकला. मग मावशींना हाक मारून सगळा गठ्ठा मोठ्या बाईंच्या खोलीत पाठवून दिला. एकतीसच्या एकतीस. रात्रभर त्यांना गाढ झोप लागली.

सोमवारी पहिल्याच तासाला बोलावणं आलं.

मोठ्या बाईंच्या टेबलावर एकच कागद होता. बाईंनी तो ओळखला नाही, पण खालचा लाल गोल ओळखला. कागद मोठ्या बाईंच्याच अक्षरातला. पालकांची परीक्षा घेण्याचा अधिकार आपणास कोणी दिला, तो कोणाच्या परवानगीने घेतला, आणि मुळात असा अधिकार असतो असे आपणास का वाटले, याचा लेखी खुलासा करावा, असा. मावशींनी तो शुक्रवारी वह्यांबरोबर बाईंच्या टेबलावर ठेवला होता. खाली दहापैकी पाच, आणि शेरा: 'एकच गोष्ट तीनदा विचारली आहे. रागाच्या भरात लिहू नये. पुन्हा लिहून आणावे.'

बाई खुर्चीत बसल्याच नाहीत. सामानखोलीतल्या कुठल्या भिंतीला कुठला नकाशा टांगायचा, इथपर्यंत त्यांचं मनात ठरून गेलं.

"सगळ्यांत जास्त कोणाला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बेकरीवाल्यांना. दहा."

"तुम्ही दिलेत? दहा?"

बाईंनी मान हलवली. मोठ्या बाईंनी गठ्ठ्यातून पिठाची वही काढली. त्यांनी ते पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि वही मिटली. मग म्हणाल्या, की एकतीस म्हणजे एकतीस, ठरलं ते ठरलं, वर्ग तुमचाच. सामानखोलीला आपण कुलूप लावू.

बाईंचे डोळे पुन्हा भरून आले. त्या वळून दाराशी पोचल्या, तेवढ्यात मागून आवाज आला.

"दार लावून घ्या जरा."

मोठ्या बाईंनी ड्रॉवर उघडून दुसरा एक कागद काढला. समास सोडलेला, अक्षर ठळक, मजकूर तीन ओळींचा. तो बाईंपुढे सरकवून त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि त्यांच्याही नकळत हाताची घडी झाली.

"पुन्हा लिहिलाय," त्या म्हणाल्या. "घाई नाही, सावकाश तपासा. पण कितीही कमी पडले तरी माझ्या आईला बोलावू नका. ती खरंच येईल."