रिकाम्या डब्यांचं दुकान

शेळके सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी डोक्यावरून पंचा घेतला होता आणि अकरावीतल्या एका मुलीशी ते साबणाच्या रिकाम्या खोक्यावरून हुज्जत घालत होते. "आवं, मागल्या बारीला ह्याच्यावर एक वडी फुकट दिलीवती. आता काय झालं?" कॉलेजातला माझा पहिलाच दिवस. मला वाटलं, गावातली कुणी बाई चुकून आत शिरली. तेवढ्यात बाईंनी मान वळवली आणि भरघोस मिशा दिसल्या.

"मॅडम, रांगेत या," बाई म्हणाल्या.

लोणंदच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवते आणि शेळके सर वाणिज्य. व्हरांड्याच्या टोकाला खेळाच्या सामानाची खोली होती. प्राचार्यांचं डोकं खाऊन सरांनी ती मिळवली आणि तिथे अकरावीच्या मुलांचं लुटुपुटूचं किराणा दुकान थाटलं. दोन बाकं जोडून काउंटर, तेलाचे रिकामे डबे, आत कागद कोंबलेले बिस्किटांचे पुडे, डाळीच्या जागी वाळू. खरी वस्तू एकच, तराजू. कोणता माल ठेवायचा, भाव काय लावायचा, सुट्टी कधी घ्यायची, हे सगळं मुलांनी ठरवायचं. गिऱ्हाइकं मात्र झाडून सगळी सर स्वतः व्हायचे.

कुणी पाठ्यपुस्तकाचा दाखला दिला की ते म्हणायचे, "पुस्तकातलं गिऱ्हाईक लय शहाणं असतं." त्यांची गिऱ्हाइकं अजिबात शहाणी नव्हती. एक होता शिरवळच्या कंपनीतला कामगार. तो हेल्मेट न काढताच बोलायचा आणि काय हवं ते समजलं नाही म्हणून चिडायचा. एक पाचगणीचे साहेब होते, ते मिठाच्या पुडीलासुद्धा "ताजा है क्या?" विचारायचे. एकदा शिपाई प्राचार्यांचा निरोप घेऊन आला, तर हेल्मेटच्या आतून उत्तर आलं, "शेळके सर इथं न्हाईत, दुकानदाराला इचारा." शिपाई इमानदारीत दुकानदाराला विचारून परत गेला.

स्टाफरूममध्येही हा माणूस धड वागत नसे. मी वाईच्या घरून आणलेला चिवड्याचा डबा पुढे केला, की आधी हातावर तोलून बघायचा आणि मग "मागल्या खेपेपेक्षा कमी भरतोय" असं म्हणून दोन मुठी घ्यायचा. मग बोलत बसायचा, आणि मी कधी तासाची, कधी गाडीची सबब सांगून सटकायचे.

मागच्या वर्षीच्या बॅचने पहिल्याच आठवड्यात पराक्रम केला. लोणंदची पोरं, कांद्याच्या बाजारात वाढलेली. घरून ऐकून आली की यंदा कांदा चढणार. झालं, दुकानासाठी दोनशे पिशव्या कांदा कागदोपत्री घेऊन टाकला. सरांनी खडू घेतला आणि एकेका पिशवीची जागा फरशीवर आखायला सुरुवात केली. खोली भरली, दार भरलं, अर्धा व्हरांडा भरला. मग म्हणाले, "कांदा आत, मालक बाहेर." पूर्ण तास मुलं उन्हात उभी. पुढच्या सोमवारी सरांनी जाहीर केलं की अवकाळी झाली, खोली गळली, कांदा सडला. नसलेला सडका कांदा मुलांनी चार दिवस उचलून बाहेर टाकला. ओमकार नावाचा मुलगा तर नाकाला रुमाल बांधून आला होता.

ह्या सगळ्या गिऱ्हाइकांत मुलांना नकोशी झालेली एकच होती, इंदूमावशी. पंचावाली बाई ती हीच. यायची, चहाची एक पुडी घ्यायची आणि काउंटरला टेकून अर्धा अर्धा तास बोलत बसायची. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाची म्हैस व्यायली, शिरवळवाल्याच्या भावाचं लग्न कधी निघतंय. मागे रांग लागली तरी हलायची नाही. रांगही सरांचीच, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

त्या बॅचची मुख्य दुकानदार होती प्रणाली. चुणचुणीत, हिशेबी. तिने सगळ्यांचं मत घेतलं आणि काउंटरवर बोर्ड लावला: 'खरेदी झाल्यावर येथे थांबू नये.' मजकूर मीच तपासून दिला होता आणि वर शाबासकीही दिली होती, हे कबूल करते.

सर पंचा घेऊन आले. बोर्ड वाचला. "बरं," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. त्या दिवशी प्रणालीला दहापैकी दहा मार्क मिळाले.

इंदूमावशी पुन्हा आली नाही. शिरवळवाला आला तो थेट लग्नाचा बाजार करायला. रवा, साखर, सुपारी, सगळं पोत्यानं मागू लागला. दुकानात त्यातलं काहीच नव्हतं. तो हेल्मेटमधून आठ दिवस पुरेल एवढं बोलून गेला.

"मावशी असती तर आधीच कळलं असतं," ओमकार म्हणाला. "सर, मावशी का येईना झाली?"

सर हेल्मेट काढत म्हणाले, "गिऱ्हाईक भांडून जात न्हाई, पोरांनो. गप जातं."

"मग परत कसं आणायचं?" प्रणालीने विचारलं.

"त्याच्या दारात जावं लागतं."

मुलांनी हे शब्दशः घेतलं. रविवारी सकाळी पाच जण मला घेऊन सरांच्या स्टेशनमागच्या घरी हजर झाले. मी निघाले ती खरं तर गंमत बघायला. सर एकटे राहतात एवढंच मला माहीत होतं. ते इतकं बोलायचे की त्यांना जास्त काही विचारायच्या भानगडीत मी कधी पडले नव्हते.

सरांनी दार उघडलं. प्रणाली अगदी दुकानदाराच्या आवाजात म्हणाली, "इंदूमावशी हायेत का घरात?"

आता पंचा येणार, म्हणून ओमकार आधीच हसायला लागला होता. सर दाराची कडी धरून उभे राहिले.

"न्हाईत," ते म्हणाले. "सहा वर्षं झाली."

सरांनी मुलांना आत घेतलं, सतरंजीवर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसले. मग सावकाश बोलले. "आमची इंदू. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जायची. मी पेपर तपासत बसलेला असायचो. एका चहाच्या पुडीला अर्धा तास लागतो का गं, म्हणायचो. ती म्हणायची, घरात बोलायला माणूस न्हाई. मी हसायचो. वाणिज्य शिकवतो ना मी. येळ वाया घालवू नये, हे मीच तिला सांगायचो. तुमी नुसता बोर्ड लावला."

मला खाली फरशीकडे बघत बसावं लागलं. चार वर्षं ह्या माणसाला टाळायला मी रोज नवी सबब शोधत होते, त्याची मला लाज वाटली.

प्रणाली रडवेली झाली होती. पण तिने डोळे पुसले आणि दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या दारात बोलावं तसंच ती बोलली. "सर, आमी बोर्ड काढलाय. मावशींना सांगा."

"सांगतो," सर म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

त्यांना बाहेर यायला बराच वेळ लागला. मला साडेअकराची वाईची गाडी धरायची होती. ती गेली. मी बसून राहिले.