जस्ताच्या गोळीची पूर्वपरवानगी

डेल्बर्ट प्रोकॉप यांच्या जठरात व्रण आहे, ही बाब त्यांच्या कंपनीच्या दृष्टीने अद्याप सिद्ध व्हायची होती. डेल्बर्टना मात्र ती प्रत्येक जेवणानंतर सिद्ध होत असे. अमेरिकेतल्या हार्टफर्डमधल्या एका आरोग्यविमा कंपनीत, डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाचा खर्च द्यायचा की नाही हे आधीच ठरवणाऱ्या पूर्वपरवानगी विभागाचे ते उपप्रमुख होते.

डॉक्टर लिंडक्विस्टबाईंनी नळी घालून पोट पाहिलं. "आम्लाचं औषध सोडू नका," त्या म्हणाल्या. "जोडीला जस्ताची गोळी घ्या. जस्तानं आम्ल थोडं उतरतं, आतलं अस्तर भरायला मदत होते, असं दिसलंय. फक्त उपाशीपोटी घेऊ नका, मळमळेल."

दुसरा कोणी गोळी गिळून मोकळा झाला असता. पण ज्याची हयात लोकांच्या गोळ्या अडवण्यात गेली, त्याला विनापरवाना गोळी घेणं म्हणजे स्वतःच्याच घरात चोरी करण्यासारखं वाटलं. डेल्बर्टनी आपल्याच विभागाकडे रीतसर मागणी केली. ती शेजारच्याच टेबलावर वर्ना टिबोडोकडे गेली. ही त्यांच्या हाताखाली तयार झालेली.

"आम्ल औषधानं कमी होतंय ना, सर?" वर्नानं विचारलं.

"होतंय थोडं. पण पुरत नाही."

"औषध चालू असताना ते कसं ठरवणार? आधी बंद करा. व्रण वाढला, की गरज सिद्ध."

"आणि नाही वाढला तर?"

"तर अभिनंदन!"

डेल्बर्टना राग आला नाही. उलट, पोरगी काय तयार झाली आहे, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला. भरला तसा तो जळलाही.

औषध बंद झालं. व्रण आज्ञाधारकपणे वाढला. एवढ्यात रक्ततपासणीत शरीरात जस्त कमी असल्याचं निघालं आणि सगळंच बदललं. कमतरता म्हणजे पोषणाचा प्रश्न. पोटाशी त्याचा संबंध नाही. प्रकरण पोषण समितीकडे गेलं. समितीने असा निष्कर्ष काढला की गोळी हे अन्न नव्हे. अन्नात सर्वाधिक जस्त समुद्री शिंपल्यांतल्या कालवांत असतं. सबब अर्जदाराने धक्क्यावरच्या खाणावळीत रोज दुपारी ताटभर कच्ची कालवं 'प्रचलित पद्धतीने' सेवन करावीत.

प्रचलित पद्धत म्हणजे वर लिंबू पिळून, तिखटजाळ सॉस ओतून.

"अहो, तो सॉस पुसून तरी खा!" त्यांची बायको आर्डिस समोर बसून कळवळली.

"मंजुरी सॉससकट आहे."

"मग मी आणते ना गोळ्या. कोपऱ्यावरच्या दुकानात फळीवर मांडल्यात, च्युइंगमच्या शेजारी. चिठ्ठीसुद्धा मागत नाहीत मेले!"

डेल्बर्टचा चेहरा पांढरा पडला. "हळू बोल. उद्या सगळेच असे उठून दुकानात जायला लागले, तर आमच्या विभागाचं काय होईल?"

आणि त्यांनी डोळे मिटून आणखी एक कालव तोंडात सोडलं.

त्याच आठवड्यात कचेरीच्या जिन्यात त्यांना रक्ताची उलटी झाली. रुग्णवाहिका आली, शस्त्रक्रिया झाली, व्रणासकट जठराचा तुकडा काढला. यातल्या कशालाच पूर्वपरवानगी लागली नाही. मरणाऱ्या माणसाला कंपनी कधीच ताटकळत ठेवत नसे.

दोन दिवसांनी वर्ना फुलं घेऊन इस्पितळात आली. "सर, गोळी मंजूर झाली!"

डेल्बर्टच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "खरंच?"

"खरंच. एकच अट आहे. व्रण अस्तित्वात असला पाहिजे."

आर्डिसने पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून नवऱ्याच्या उशाशी आपटली. डेल्बर्टनी ती अदबीने परत तिच्या हातात दिली. "अटीत बसत नाही गं," ते म्हणाले, आणि वर्नाने मान डोलावली.

शेजारच्या खाटेवरचा रोगी हे ऐकून इतका हसला, की त्याचे टाके ताणले जाऊन तो कळवळला. वेदनाशामक देणारी नर्स दारातच उभी होती. पण पुढची मात्रा द्यायची वेळ अजून झाली नव्हती. म्हणून घड्याळाकडे बघत, तुमच्या-माझ्यासारखाच, तोही दात आवळून गप्प पडून राहिला.