बरागान भगिनी

ओतिलिया बरागान पाण्याच्या बिलांच्या खिडकीमागे नुकती कुठे टेकली होती, तोच नगर प्रशासक प्रॅट साहेब स्वतः जिना उतरून खाली आले. साहेब खाली आले म्हणजे एकतर कुठेतरी आग लागलेली असते, नाहीतर त्यांचं ओतिलियाकडे काम असतं. ओतिलियाला त्यातल्या त्यात आग परवडायची.

“ओतिलिया, आपल्या नगरपालिकेत तुझ्यासारखं आणखी कोण कोण आहे?”

“माझ्यासारखं म्हणजे? पाठ दुखणारं?”

“तसं नाही गं. म्हणजे... तुमच्यातलं.”

ओतिलिया विचारात पडली. गावाचं नाव लास तुनास. रस्त्यांची नावं स्पॅनिश, चर्चचं नाव स्पॅनिश. गावातल्या दहा घरांपैकी सात घरांत माणसं स्पॅनिशमध्ये भांडायची आणि कुत्रीसुद्धा इंग्रजीत बोलावलं तर ढुंकून बघायची नाहीत. पण नगरपालिकेच्या दारांवरच्या पाट्या वाचत गेलं की प्रॅट, थॉम्पसन, मिलर, आणि कोपऱ्यात आणखी एक मिलर. संध्याकाळी फरशी पुसायला येणारे सगळे आपलेच होते, पण ते ठेकेदाराचे. ते फरशीत धरायचे, माणसांत नाही.

“मोजायला गेलात तर मी एकटीच आहे, साहेब.”

“तीच तर पंचाईत आहे,” असं म्हणून साहेबांनी कपाळाचा घाम पुसला.

पंचाईत सोमवारच्या नगरसभेत झाली होती. ओलिवास मास्तर हे गावातले निवृत्त शिक्षक आणि हिस्पॅनिक हक्क मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचे सभासद सात, त्यांतले पाच बैठकीला यायचे ते मास्तरांच्या बायकोच्या हातच्या तामालेसाठी. मास्तर मात्र न चुकता दर नगरसभेत उभे राहायचे आणि तोच प्रश्न विचारायचे, “या इमारतीत आमची माणसं किती?” प्रॅट साहेबही न चुकता तेच उत्तर द्यायचे, “आम्ही या विषयाकडे अत्यंत गांभीर्याने पाहत आहोत.” त्यावर मास्तर खाली बसायचे आणि साहेब गांभीर्याने पुढच्या विषयाकडे पाहायचे. वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

या सोमवारी सभागृहातलं थंड हवेचं यंत्र बंद पडलं. बाहेर बदामाच्या बागा भाजून निघत होत्या आणि आत प्रॅट साहेब. मास्तरांनी प्रश्न विचारला आणि साहेबांचा तोल गेला. “अहो, प्रत्येक खात्यात तुमचं माणूस आहे! विश्वास नसेल तर या आणि बघा!”

मास्तर आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवत आलेले. आज्ञार्थ म्हणजे आज्ञा, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी सरळ राजधानीत फोन लावला आणि “या आणि बघा” हे निमंत्रण तिथे पोचवलं.

“आज अकरा वाजता राजधानीतून एक बाई येताहेत,” साहेब म्हणाले. “लॉकरिज म्हणून. चार खाती बघणार. तुला फक्त एवढंच करायचंय की, त्या जिथे जातील तिथे तू आधीच बसलेली असायला हवीस.”

“चारही ठिकाणी?”

“मागचा जिना आहे ना!”

“आणि त्यांनी ओळखलं तर?”

साहेब जरा घुटमळले. “नाही ओळखणार,” ते म्हणाले. “मला अनुभव आहे. पहिली दोन वर्षं मी तुला फरशी पुसणारी समजायचो.”

ओतिलियाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. खिडकीच्या प्रमुखाची जागा आजवर तीनदा रिकामी झाली होती आणि तिन्ही वेळा त्या जागेवर बाहेरून कुणीतरी पोरगेलासा मिलर येऊन बसला होता. त्या तिघांनाही मशीनमध्ये कागद कुठून घालायचा इथपासून ओतिलियानेच शिकवलं होतं.

“मला काय मिळणार?”

“बढतीचा विचार करू.”

“विचार तुम्ही मागेही केलात.”

“या वेळी मनापासून करू. आणि हे बघ, अहवाल वाईट आला तर राज्याचं अनुदान बंद. अनुदान बंद झालं की पहिल्यांदा ही खिडकी बंद.”

हे मात्र ओतिलियाला लगेच कळलं.

अकरा वाजता लॉकरिजबाई आल्या. उंच, नीटनेटक्या, हातात चकचकीत टॅब्लेट. त्यांचा चष्मा उत्तम होता, पण त्यातून त्या टॅब्लेटकडेच बघायच्या. खिडकीपाशी येऊन त्यांनी ओतिलियाच्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाचला, “बरागान. वा!” असं म्हणून काहीतरी टिपलं आणि पुढे निघाल्या. प्रॅट साहेब त्यांना मुद्दाम लांबच्या वाटेने, जुन्या नगराध्यक्षांच्या तसबिरी दाखवत नेऊ लागले. तसबिरी पुष्कळ होत्या. सगळे नगराध्यक्ष मिशांपुरते वेगळे होते.

तेवढ्यात ओतिलिया मागच्या जिन्याने वर धावली, अंगावर शाल ओढली, कुणाचा तरी चष्मा नाकावर चढवला आणि वाचनालयाच्या टेबलामागे जाऊन पुस्तकांवर शिक्के मारायला लागली. चष्म्यातून तिला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दोन शिक्के टेबलावर बसले, एक शेजारी बसलेल्या थॉम्पसनबाईंच्या मनगटावर. मोठ्या अक्षरांचं पुस्तक मागायला आलेल्या चायो आजींना तिने चाचपडत एक शोधून दिलं आणि त्या लवकर जाव्यात म्हणून आजी आजी करत त्यांना दारापर्यंत सोडलं.

लॉकरिजबाई आल्या. त्यांची नजर सरळ शालीच्या फटीतून चमकणाऱ्या बिल्ल्यावर गेली. तो काढायचा राहिलाच होता.

“बरागान?” त्या म्हणाल्या. “खाली पाण्याच्या खिडकीवर पण एक बरागान आहेत ना?”

दाराशी उभ्या असलेल्या प्रॅट साहेबांचा रंग उडाला. ओतिलियाच्या डोक्यात त्या क्षणी जे पहिलं नाव आलं ते तिच्या मावशीचं होतं.

“ती ओतिलिया. माझी बहीण. मी क्लेमेंसिया.”

“अरे वा! तरीच म्हटलं, चेहरा किती सारखा आहे!” लॉकरिजबाईंना स्वतःच्या निरीक्षणशक्तीचं भारी कौतुक वाटलं. “तुमच्या लोकांत कुटुंब किती घट्ट असतं, नाही?”

“फार घट्ट,” ओतिलिया म्हणाली. “श्वास घेता येत नाही.”

बांधकाम परवान्यांच्या खात्यात पोचेपर्यंत तिने शाल, चष्मा आणि बिल्ला, तिन्ही वस्तू वाटेतल्या कचऱ्याच्या डब्यामागे ठेवल्या आणि केस मोकळे सोडले. नाव काय सांगायचं, तेही पक्कं केलं होतं. या खेपेला आडनाव बरागान नव्हतंच. पण तिला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही. लॉकरिजबाई आत आल्या, थबकल्या आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत म्हणाल्या, “थांबा, सांगू नका! तुम्ही पण बरागान!”

“हो,” धापा टाकत ओतिलिया म्हणाली. “सोकोरो. धाकटी.”

“आणखी किती बहिणी आहेत?”

“एकच,” प्रॅट साहेब मागून घाईघाईने म्हणाले. “अग्निशमन दलात. तिथे मग आपण थांबूच.”

अग्निशमन दल रस्त्यापलीकडे होतं. तिथल्या कॅप्टन गसला साहेबांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. त्याने ओतिलियाला दारातच धरून एका अवाढव्य कोटात उतरवलं आणि डोक्यावर शिरस्त्राण ठेवलं. ते नाकापर्यंत आलं. लॉकरिजबाईंनी फोटो काढायला टॅब्लेट वर धरला आणि नेमकी त्याच वेळी घंटा वाजली.

घंटा खरी होती. जवानांना कोणती बरागान खरी आणि कोणती खोटी याच्याशी देणंघेणं नव्हतं. कोट घातलेला माणूस दिसला की त्याला बंबावर घ्यायचं, एवढीच त्यांची शिकवण. दोघांनी ओतिलियाला काखेत धरून वर चढवलं. “मला उतरवा! मी पाण्याच्या खात्यातली आहे!” ती ओरडली.

“मग बरोबरच आहे की!” असं म्हणून गसने भोंगा सुरू केला.

बंब थांबला तो सालदिवार बेकरीपाशी. बेकरीवाला सालदिवार दारात उभा राहून हातवारे करत स्पॅनिशमध्ये बोंबलत होता आणि जवान त्याला इंग्रजीत धीर देत होते. त्याच्या किंकाळ्यांचा त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला आणि पाण्याचा लोट दर्शनी कपाटावर सोडला. गुलाबी, पिवळे कोंचा पाव पाण्यावर तरंगत रस्त्यावर आले.

“अरे थांबा, मेल्यांनो!” ओतिलिया वरूनच कडाडली. “आग मागच्या कोठीत लागलीय म्हणून तो केव्हाचा सांगतोय! गोड पावांवर कसलं पाणी मारताय?”

मग जवान कोठीकडे धावले आणि आग विझली. सालदिवार रडत रडत बंबाच्या चाकाला मिठी मारून बसला.

बाहेरच्या गर्दीत हातात कागदी पिशवी घेऊन ओलिवास मास्तर उभे होते. त्यांनी मान वर करून शिरस्त्राणाखाली डोकावून पाहिलं.

“ओतिलिया?”

लॉकरिजबाई मागून साहेबांच्या गाडीतून उतरत होत्या. ओतिलियाने आवाज जाड केला. “रेफुहियो,” ती म्हणाली.

“रेफुहियो कोण?”

“रेफुहियो बरागान. अग्निशमन दल. मागे सरा, आजोबा.”

मास्तरांनी “आजोबा” हा शब्द गिळला आणि मागे सरले.

पंधरवड्याने अहवाल आला. पहिल्या पानावर नगरपालिकेची तोंड भरून स्तुती होती. प्रॅट साहेबांनी केक मागवला. केक अर्धा संपला तेव्हा त्यांनी पुढचं पान उलटलं आणि घास त्यांच्या तोंडातच राहिला. एकाच घरातल्या चार बहिणींना नोकरीवर घेणं हा उघड उघड वशिला आहे, असं लॉकरिजबाईंनी लिहिलं होतं. चौघींपैकी एकीलाच ठेवता येईल. उरलेल्या तीन जागा तीन महिन्यांच्या आत याच समाजातल्या, पण बरागान नसलेल्या उमेदवारांनी भराव्यात. नाहीतर अनुदान बंद.

“अगं, पण त्या जागाच नाहीत!” साहेब ओतिलियासमोर कळवळून म्हणाले.

“मग तसं लिहून कळवा.”

“कळवू कसं? मग त्या बसल्या कुठे होत्या?”

“तेही कळवा.”

साहेबांनी डोकं लढवलं आणि नगरसभेत जाहीर केलं की तिन्ही भगिनींनी घरगुती कारणास्तव राजीनामे दिले आहेत, आणि त्यांच्यासारखी गुणी माणसं पुन्हा मिळणं अशक्य असल्यामुळे त्या जागा सध्या गोठवण्यात येत आहेत. बोलता बोलता त्यांनी रुमालाने डोळेही टिपले. आपण सुटलो असं वाटून त्या रात्री ते गाढ झोपले.

सकाळी घोषणांनी नगरपालिकेच्या काचा हादरत होत्या. ओतिलियाने पाहिलं तर पायऱ्यांवर निम्मा गाव. पुढे ओलिवास मास्तर, हातात फलक, “बरागान भगिनींना न्याय द्या!” मागे मंडळाचे सातही सभासद, आणि आज तामालेशिवाय. सालदिवार तर घसा फोडून ओरडत होता, “आमची रेफुहियो परत द्या!”

“खाली जा आणि त्यांना समजाव,” पडद्याआड उभे असलेले साहेब म्हणाले. “सांग की तुझ्या बहिणी आनंदाने गेल्या.”

ओतिलिया खाली गेली आणि मास्तरांना खांबाआड ओढलं.

“मास्तर, घरी जा. तुम्हाला माहीत नाही, पण या तिघी...”

“मला सगळं माहीत आहे,” मास्तर फलक जराही खाली न करता पुटपुटले. “मी तुझ्या आईकडे जाऊन आलो. ती माझ्यावरच खेकसली. म्हणाली, माझ्या पोटी चार मुली जन्मल्या आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही?”

“मग हा तमाशा कशाला?”

“मी इतकी वर्षं खऱ्या माणसांसाठी ओरडलो, कुणी ऐकलं नाही. या तिघींना निदान जागा तरी आहेत. कागदावर, सरकारी सहीशिक्क्यासकट! त्या नव्हत्याच असं म्हणायची तुझ्या साहेबाची छाती आहे का? नाही ना? मग ओरडू दे मला.” आणि ते मोठ्यांदा ओरडले, “कुठे आहे आमची सोकोरो?”

ओतिलिया वर आली ती शांतपणे. साहेबांच्या समोरची खुर्ची तिने आजवर फक्त पाहिली होती. आता ती त्यावर बसली.

“ऐकत नाहीत, साहेब. तिघींना समोर आणा म्हणतात.”

“कुठून आणू?”

“तेच तर. नाहीतर तीन जागा भरा, गावातून. आणि खिडकीच्या प्रमुखाची जागा मला. विचार करायला खाली येऊ नका, इथेच करा. मी बसते.”

खालून पुन्हा रेफुहियोच्या नावाचा पुकारा झाला. साहेबांनी पडद्याची फट बंद केली आणि सही करायला पेन शोधायला लागले. ते ओतिलियाने पुढे केलं.

दुपारी निर्णय जाहीर झाला. मास्तरांना लोकांनी खांद्यावर घेतलं, पण ते वजनदार असल्यामुळे लगेच खाली ठेवलं. ओतिलिया पायऱ्यांवर उभी राहून हे सगळं बघत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच या इमारतीसमोर आपलं आडनाव कुणीतरी ओरडतंय, या विचाराने तिला जरा भरून आलं होतं. तेवढ्यात चायो आजी गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आल्या आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

“पोरी, तुझ्या त्या क्लेमेंसियाला माझा निरोप दे हो. त्या दिवशी वाचनालयात गेले तर किती गोड बोलली! मोठ्या अक्षरांचं पुस्तक शोधून दिलं, आजी आजी म्हणून दारापर्यंत सोडायला आली. अशी माणसं राहिली नाहीत आता.”

“सांगते, आजी.”

“सांगच.” आजींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सुस्कारा टाकला. “नाहीतर तू! महिन्याच्या महिन्याला तुझ्या खिडकीवर येते, पण कधी हसून बोलली आहेस का? सख्ख्या बहिणी ना गं तुम्ही?”

ओतिलियाने मान खाली घातली.

“काय करणार, आजी,” ती म्हणाली. “आमच्या घरात तीच गुणी.”