स्प्रिंगची बंदूक, दुर्बिणीसह

माणूस मुळात शिकारी आहे, ही गोष्ट त्याला साधारणपणे गृहकर्ज निम्मं फिटल्यावर आठवते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात असलेल्या मिहिर धर्माधिकारीला ती सलग दुसऱ्या दुष्काळात, दिवाळीचा फराळ संपता संपता आठवली. त्याच्या घराण्यात आजवर कोणी अंडंही फोडलेलं नव्हतं. (आजोबांच्या हातून एकदा झुरळ मेलं होतं, पण तेव्हा त्यांचा चष्मा डोळ्यांवर नव्हता.)

मिहिर राहायचा जालना रोडपासून थोडं आत, 'वनश्री हाइट्स'मध्ये. तिथं पूर्वी बाभळीचं दाट रान होतं. ते तोडल्यावर बिल्डरने कृतज्ञता म्हणून हे नाव दिलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, एरवी टँकर. अशा ठिकाणी मर्दानी छंदाची गरज कोणालाही पटावी.

पहिली बंदूक छऱ्याची घ्यायची आणि तीही स्प्रिंगची, इथपर्यंत त्याचा अभ्यास लवकर पोचला. स्प्रिंगच्या बंदुकीला सिलिंडर लागत नाही, पंप लागत नाही. नळी खाली वाकवायची, छरा घालायचा, नळी सरळ करायची, घोडा ओढायचा. पण कोणती स्प्रिंग? इंटरनेटवरचे निम्मे लोक म्हणत, सगळ्यांत जोरकस घ्या. उरलेले म्हणत, नवख्याने बेताच्या जोराची घ्यावी, नाहीतर छरा कुठंही जातो आणि खांदा मात्र नेमका सापडतो. दोन्ही बाजूंचं ऐकण्यात हिवाळा गेला. मनस्विनीला लग्नाचा होकार द्यायला मिहिरला पाऊण तास लागला होता. ही तुलना तिने एकदाच आणि अगदी शांतपणे बोलून दाखवली. शेवटी बेताच्या जोराची बंदूक घरात आली.

मग कायदा पाहिला. कायद्याप्रमाणे मारता येण्याजोगं फारसं काही नव्हतंच. तेव्हाच्या यादीत कावळा, वटवाघूळ, उंदीर आणि घूस एवढीच मंडळी मोकळी होती. कावळ्याचं नाव निघताच वडील अनंतराव, जे कलेक्टर कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, हातातला पेपर खाली ठेवून म्हणाले, "आणि माझ्या पिंडाला कोण येणार? चिमणी?" कावळा रद्द झाला. वटवाघळं रात्री निघतात आणि मिहिरला जागरण सोसत नाही. उंदराचा विचार गणपतीकडे पाहून सोडावा लागला. अशा रीतीने, मनातल्या मनात वाघापासून निघालेला शिकारी घुशीपाशी येऊन थांबला.

घुशीसाठी दुर्बीण हवी. स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी धक्का देते, त्यामुळे मोठमोठ्या रायफलींवर टिकणाऱ्या दुर्बिणी तिच्यावर टिकत नाहीत. हे मिहिरला पहिली दुर्बीण खुळखुळ्यासारखी वाजायला लागल्यावर समजलं. दुसरी घेतली ती रणगाड्यासारखी मजबूत. ती घेऊन तो हिरवट चट्ट्यापट्ट्यांच्या पोशाखात करमाडला गेला. तिथं त्याच्याच विभागातल्या कृष्णाचं घर होतं आणि त्यांच्या कांदाचाळीत घुशी झाल्या होत्या.

घूस आली. दहा पावलांवर बसली. मिहिरने दुर्बिणीला डोळा लावला तर आत नुसतं करडं धुकं. ही दुर्बीण लांबचं पाहण्यासाठी होती, जवळचं तिला दिसत नव्हतं. घुशीने सावकाश तोंड पुसलं आणि ती निघून गेली. कृष्णाचे वडील पुंजाराम खाटेवरून सगळं पाहत होते. त्यांनी अदबीनं विचारलं, "साहेब, जनावर लई लांब व्हतं का?"

"नाही. फार जवळ होतं."

पुंजारामांनी यावर थोडा विचार केला आणि चहा सांगितला.

तिसरी दुर्बीण मात्र योग्य निघाली. पुढची कडी फिरवली की दहा पावलांपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ. बंदुकीशी तिचा मेळ बसवायला मिहिर रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊ लागला. पाण्याच्या टाकीला पुठ्ठा टेकवून तो नेम धरी. (टाकी रिकामी असल्यामुळे धोका नव्हता.) एका संध्याकाळी त्याने सहज कडी फिरवली आणि लांब फाट्यावर वळणारा टँकर त्याला नंबरासकट दिसला. त्याने मनस्विनीला फोन केला. टँकर फाटकाशी पोचला तेव्हा धर्माधिकाऱ्यांच्या बादल्या रांगेत पहिल्या होत्या. अनंतरावांनी कित्येक दिवसांनी भरल्या बादलीने आंघोळ केली आणि शिकारीबद्दलचं आपलं मत तूर्त राखून ठेवलं.

ही बातमी लपणं शक्य नव्हतं. सोसायटीचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी सभा बोलावून ठराव केला की, सदर सदस्याने सदर दुर्बिणीतून सदर टँकरची टेहळणी करून सर्व सभासदांस समान सूचना द्यावी. दुर्बीण बंदुकीवरून काढून घ्यावी, अशी सूचना एका बाईंनी केली. दुर्बीण काढली की नेम बिघडतो आणि तो बसवण्यात आपला अख्खा उन्हाळा गेला आहे, हे मिहिरने समजावून सांगितलं. टँकरवर नेम कशाला हवा, हे कोणी विचारलं नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

मेअखेरीला टँकर तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी निम्मी सोसायटी गच्चीवर होती. टँकर फाट्यावर दिसला, जवळ आला आणि सोसायटीकडे न येता मागच्या वस्तीकडे वळला. मिहिर बंदूक हळूहळू फिरवत त्याच्या मागे राहिला. त्याच्या पाठीशी माणसं दाटीनं उभी होती.

ड्रायव्हर कडूबाला गच्चीवर काहीतरी चमकताना दिसलं. त्याने नीट पाहिलं, टँकर थांबवला, दोन्ही हात वर करून खाली उतरला आणि तसाच, हात खाली न घेता, शेतातून चालत गेला. किल्ली आतच राहिली.

सोसायटीत कायद्याचे जाणकार होते. चालकाविना उभं वाहन बेवारस, आणि बेवारस वस्तू सडू देणं राष्ट्रहिताचं नाही, असं त्यांचं मत पडलं. पाइप जोडले गेले. जमिनीखालची टाकी गळ्यापर्यंत भरली.

मिहिर खाली आला तेव्हा वस्तीतली आवडाबाई रिकामा हंडा कडेवर घेऊन टँकरच्या पलीकडे उभी होती. तिच्यामागे आणखी बायका होत्या. कोणी भांडत नव्हतं, आणि मिहिरला तेच अवघड गेलं. आवडाबाई त्याच्या खांद्याकडे पाहत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "मावशी, बंदूक रिकामी आहे."

"व्हय," ती म्हणाली. "टँकर बी."

मिहिरने आप्पासाहेबांना पंपाची दिशा उलटी करता येईल का असं विचारलं. त्यांनी हा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याचं मान्य केलं. त्या सभेत मिहिरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, त्यामुळे वेळ उरला नाही. सत्कार घेताना आपल्या तोंडाला कोरड पडली आहे असं त्याला वाटलं. त्याने समोरचा पेला उचलला, थोडा वेळ धरला आणि रिकामा केला.

कडूबाने तक्रार केली नाही. तेव्हापासून तो टँकर आधी वनश्रीच्या फाटकाशी आणतो. गच्चीवर आता कोणी नसतं, तरी वर बघून एक हात थोडा उचलतो.

मिहिरने ही हकीकत पुढे बऱ्याच जणांना सांगितली. वस्तीला पाणी मग कधी मिळालं, असं कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं ते एकच, की दुर्बीण नेमकी कोणती. वाचकांच्याही मनात हाच प्रश्न असणार, म्हणून त्यांच्या सोयीसाठी कळवण्यात येतं की दुकान गुलमंडीजवळ आहे आणि गुरुवारी बंद असतं.