घाटगे मिसना नुसतं ‘हो’ चालत नाही

म्हैसूरच्या कुवेंपुनगरात आमच्या कोपऱ्यावर एक हॉटेल आहे. तिथं घाटगे मिस कॉफी मागवतात तेव्हा वेटर आधीच घाबरलेला असतो. कप समोर आला की त्या विचारतात, “साखर घातली नाही ना?” तो म्हणतो, नाही. मग मिस चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात. “नोडिद्या? तू बघितलंस, की आतल्यानं सांगितलं?” बिचारा कप उचलून परत आत जातो.

नोडिद्या म्हणजे कन्नडमध्ये पाहिलंस का. हा प्रश्न भाजीवाल्यापासून डॉक्टरांच्या कंपाउंडरपर्यंत कुणाला चुकलेला नाही. आमच्याकडे जेवायला आल्या होत्या तेव्हा निघताना त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, “गॅस बंद केलास?” ती म्हणाली, हो. “नोडिद्या?” बायको आत जाऊन बघून आली. गॅस बंद होता. पण त्या दिवसापासून ती झोपण्याआधी दोनदा उठून बघते.

मिस विमान चालवायला शिकवायच्या. साठी ओलांडलेली, उंची पाच फुटांना दोन इंच कमी, त्यामुळे सीटवर दोन उशा. घाटग्यांचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात म्हणून म्हैसूरला आलेले. “घोड्यावरनं उतरलो ते डायरेक्ट विमानात बसलो. मध्ये आमच्या घराण्यानं कायच केलं नाही,” असं त्या सांगत. लग्न केलं नव्हतं. मी मूळचा सांगलीचा, नोकरीसाठी इथं आलेला. चाळिशीत विमान शिकायची हौस आली आणि त्यांच्या तावडीत सापडलो.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “भीती वाटते का रे?” मी छाती काढून म्हणालो, “नाही.” त्या दिवशी मला फडकं देऊन विमान पुसायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी खरं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “हां, आता बस. मला बी वाटते. रोज वाटते.”

त्यांची भीती एकाच गोष्टीची होती. विमानतळाजवळ लहान विमानं चहूबाजूंनी गोळा होतात. टॉवरमधला माणूस रेडिओवर सांगतो, तुमच्या डावीकडे एक विमान आहे, दिसतंय का? आपण ‘दिसलं’ म्हटलं की त्याला चुकवायची जबाबदारी आपली. मिस बजावायच्या, “दिसलं नाही तर नाही म्हण. लाज कसली? सुम्ने, उगाच हो म्हणणारा माणूस आकाशात नको मला.”

एकट्यानं उडायची परवानगी मिळून मला आठवडा झाला होता. सकाळची वेळ. मी उतरायला विमानतळाकडे येत होतो, समोर ऊन. टॉवरनं सांगितलं, “डावीकडून एक विमान सोसले गावाच्या बाजूनं येतंय. दिसतंय का?”

मी डावीकडे बघितलं. आकाश मोकळं. टॉवरनं पुन्हा विचारलं. इतक्यात लांबवर काहीतरी पांढरं हललं, आणि मी म्हणालो, “दिसलं.”

मग टॉवरनं त्या दुसऱ्या विमानाला विचारलं, “तुमच्या उजवीकडे एक विमान आहे. दिसतंय का?”

“दिसलं,” असं उत्तर आलं. आवाज घाटगे मिसचा होता. माझा जीव भांड्यात पडला. मिसनी आपल्याला पाहिलंय, म्हणजे आता प्रश्नच मिटला.

दहा सेकंदांनी ते पांढरं पंख हलवून खाली वळलं. तो पक्षी होता.

मग विमान कुठंय? मी मान वळवून बघायला लागलो. डावीकडे काही नाही, वर काही नाही. आणि एकदम डाव्या पंखाच्या खालून एक विमान वर आलं. इतकं मोठं, की त्यावरचे खिळे दिसले. मी किंचाळलो असेन. विमान उजवीकडे लोटलं, सगळं जग आडवं झालं, धोक्याचा भोंगा कानात ओरडायला लागला. ते विमान खालून सरकत गेलं तेव्हा त्याच्या खिडकीत मला मिस दिसल्या. शेजारी त्यांची विद्यार्थिनी, डोळे समोरच्या काट्यांवर. मिसच्या चेहऱ्याची उजवी बाजू माझ्याकडे होती. पण चेहऱ्यावर काहीच नव्हतं. इतक्या जवळून जाणारं विमान त्यांना दिसत नव्हतं.

मी कसा उतरलो ते आठवत नाही. मिस आमच्या विमान शिकवणाऱ्या शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. मी जाऊन उभा राहिलो.

“मिस, मला दिसलं नव्हतं. मी खोटं बोललो.”

त्या म्हणाल्या, “मला बी नाही दिसलं, नितीन.”

“पण तुम्ही म्हणालात…”

“तुझा आवाज ऐकला रेडिओवर. म्हटलं, ह्याला मी शिकवलंय, ह्याला दिसलंय म्हणजे दिसलंयच.” त्यांनी चष्मा काढला. “उजव्या डोळ्यात दोन महिने झाले धुकं आहे. पुढच्या महिन्यात लायसन्ससाठी डोळ्यांची तपासणी होती. म्हटलं, तोवर चालतंय. उडायचं बंद झालं तर घरी बसून काय करू रे मी?”

मी इकडंतिकडं बघितलं. हळूच म्हणालो, “मिस, कुणाला कळलेलं नाही. टॉवरलासुद्धा नाही.”

“त्या पोरीला कळलं असतं की. खाली पडताना.”

त्या उठल्या, ऑफिसात गेल्या आणि मुख्य शिक्षकांसमोर बसून सगळं लिहून काढलं. डोळ्याचं पण. मग एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. “माझं मी लिहिलं. तुझं तू लिही.” मी लिहिलं. माझं उडणं दोन महिने थांबवलं. त्यांचं कायमचं थांबलं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याची नस गेली आहे, ती परत येत नाही.

पण ते नंतरचं. त्या सकाळी ऑफिसातून बाहेर आल्यावर मी म्हणालो, “चला मिस, घरी सोडतो.”

“थांब जरा. माझी दोन पोरं अजून वर आहेत.”

आम्ही बाकावर बसलो. वरून घरघर ऐकू आली. “कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

“टेकडीच्या डावीकडे. आता वळतंय. सरळ झालं. उतरलं, मिस.”

“दुसरं?”

मी शोधलं. ऊन डोळ्यांत जात होतं. “नाही दिसत अजून.”

“बरं. बघत राहा.”

त्या स्वतः वर बघत नव्हत्या. बाकाची फळी बघत होत्या. कधी तरी त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरली, आणि ते दुसरं विमान येऊन त्याची चाकं जमिनीला टेकेपर्यंत सोडली नाही.