गाडीबद्दल तू बोलायचं नाहीस

उस्तादांनी बायकोला पिकअप चालवायला शिकवायचं ठरवलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

ठरवलं म्हणजे खरं तर डॉक्टरने ठरवलं. उस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन करायचं आणि मी सांगेपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टर म्हणाला. मग गाडी कोण चालवणार, असं उस्तादांनी विचारलं. घरात दुसरं कोणी असेल ते, असं तो म्हणाला. मुलगी लग्न होऊन गेली होती. म्हणजे घरात दुसरं कोणी म्हणजे बायकोच. आणि गाडी बंद ठेवून चालणार नव्हतं. घरामागच्या जागेत बायकोची रोपवाटिका होती. तिच्या कुंड्या आणि मातीची पोती गिऱ्हाइकांकडे पोचवण्यावर घर चालत होतं.

उस्ताद चौथीतून शाळेबाहेर पडले ते थेट मालट्रकवर क्लीनर म्हणून चढले. (शाळा मी सोडली, असं ते सांगतात. मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं.) पुढे जन्मभर ड्रायव्हरकी केली. ही पिकअप त्यांची शेवटची गाडी. जुनी, टर्बो डिझेल, रंग उडालेला, पण इंजिन खणखणीत. बोनेटवर हात ठेवला की मला तिची तब्येत कळते, असं ते म्हणत. बायकोच्या कपाळावर हात ठेवून तिची तब्येत पाहिल्याचं मात्र कोणाला आठवत नाही.

शिकवणी कडक होती. आरसा बघ. हॉर्न वाजवू नकोस. क्लचवर पाय ठेवून बसू नकोस. नवशिक्या माणसाने घाबरून एक्सलेटर खाली दाबून धरू नये, म्हणून उस्तादांनी पॅडलखाली लाकडाचा जाड ठोकळा स्क्रू पिळून बसवला आणि वर रबरी मॅट अंथरली. पाय निम्म्यावर गेला की ठोकळ्याला टेकायचा. बायको बाजूला उभी राहून पाहत होती. "बरं," एवढंच ती म्हणाली.

ती शिकली. उस्तादांचं ऑपरेशन झालं. ते काळा चष्मा लावून घरात बसले, आणि बायको कुंड्या घेऊन गावभर फिरू लागली. सपाट रस्ता, हलका माल. कुठे खरचटलं नाही, कुठे ठोकलं नाही. उस्तादांना याचं थोडं वाईटच वाटलं.

डॉक्टरने परवानगी दिली त्याच दिवशी उस्ताद उत्साहाने गाडीत बसले. मागे मातीची पोती होती. मुलगी आणि जावई टेकडीवर नवीन घर घेत होते, तिथे बागेसाठी माती न्यायची होती. बायको शेजारी बसली. टेकडीचा चढ लागला. उस्तादांनी एक्सलेटर दाबला. गाडी थोडी पुढे गेली, कण्हली, आणि तिने दम टाकला. दुसरा गियर. पहिला गियर. तेवढ्यात सायकल हातात धरून चढणारा पाववाला त्यांच्या बाजूने पुढे निघून गेला. जाताना त्याने मान वळवून पाहिलं. वर काही बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसताच हसला.

उस्तादांनी गाडी उलटी खाली आणली आणि निकाल दिला. गाडीची वाट तू लावलीस. जन्मात माझ्या हातून एक इंजिन बिघडलं नाही, आणि तुझ्या हातात दिली तर ही गत.

"अहो, मी काय म्हणते, तो तुमचा—"

"गाडीबद्दल तू बोलायचं नाहीस. आजपासून एक शब्द नाही."

"बरं," बायको म्हणाली.

त्याच संध्याकाळी मुलगी आणि जावई आले. येत्या रविवारी सामान हलवायचं होतं. लोखंडी कपाट, पलंग, भांड्यांची खोकी. जावई ऑफिसात बसून काम करणारा, बोलायला मऊ. त्याने मऊपणेच विचारलं की एखादा टेम्पो सांगून ठेवू का. आपली गाडी आता दमली असेल, असंही म्हणाला. शिवाय त्याच्या ओळखीत एक माणूस जुन्या गाड्या विकत घेतो, असं त्याने जाता जाता सांगितलं.

जाता जाता सांगितलेली गोष्ट उस्तादांच्या वर्मी लागली. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"जावईबापू, रविवारी तुमचं सामान माझ्या गाडीतून वर जाईल. नाही गेलं, तर तिथल्या तिथे किल्ली तुमच्या हातात. विका."

मुलगी म्हणाली, बाबा, असं कशाला बोलता. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि उस्तादांचा शब्द परत येत नसे. त्यांची गाडी रिव्हर्समध्ये तरी यायची, शब्द तेवढाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांनी स्पॅनरला बोलावलं. स्पॅनर म्हणजे त्यांचा एके काळचा क्लीनर, आता स्वतःच्या गॅरेजचा मालक. खिशात कायम पाना असायचा म्हणून हे नाव पडलं. तो आला, बोनेट उघडलं, कान लावला आणि डोळे मिटले. उस्तादांनीही डोळे मिटले. नवीन डोळे होते, पण मिटले.

इंजिनात हवा कोंबणारा टर्बो गेला, असं स्पॅनर म्हणाला. डिझेल पोचत नाही, असं उस्ताद म्हणाले. मग दोघांचं जुंपलं. टर्बो गेला तर शिट्टी बदलते. शिट्टी ऐकायला कान लागतात, उस्ताद. मला कान शिकवतोस, तू माझ्या हाताखाली नट मोजत होतास तेव्हा. आवाज इतका चढला की रोपवाटिकेत आलेलं गिऱ्हाईक कुंडी न घेताच निघून गेलं. पण खरं सांगायचं तर दोघंही खूश होते. कैक वर्षांत असा दुखणाईत हाती लागला नव्हता.

आधी टर्बोचा रबरी पाइप काढला. कुठे चीर पडली असेल, हवा गळत असेल, म्हणून साबणाचं पाणी लावून पाहिलं. बुडबुडा आला नाही. पाइप निर्दोष. एअर फिल्टर काढून झटकला. त्यातून एक वाळलेलं पान निघालं, त्यावर दोघांनी बराच वेळ चर्चा केली. मग डिझेल फिल्टर बदलला. टाकीपासूनची नळी फुंकून साफ केली. (फुंकताना डिझेल उस्तादांच्या तोंडात गेलं. त्या दिवशी जेवणाला चव नव्हती, आणि बायकोला तसं सांगायची सोयही नव्हती.)

प्रत्येक दुरुस्तीनंतर उस्ताद गाडी टेकडीवर नेत. ड्रायव्हरच्या सीटवर दुसऱ्या कोणाला बसू देत नसत. आणि प्रत्येक वेळी तोच चढ, तेच कण्हणं, तोच पाववाला.

गंमत अशी की उभ्या गाडीत स्पॅनरने बोनेटमध्ये हात घालून इंजिनालाच रेस दिली की गाडी वाघासारखी गुरगुरायची. उस्ताद चढावर घेऊन गेले की शेळी व्हायची. घोडं नक्की कुठे पेंड खातंय, ते दोघांना कळेना. काळा धूर येत नाही, त्याअर्थी इंजिनाला डिझेल कमी जातंय, हे मात्र दोघांना पटलं. उस्तादांनी लगेच सांगितलं की मी पहिल्याच दिवशी हेच म्हणालो होतो. स्पॅनर म्हणाला, मग फिल्टर, नळी, टाकी, सगळं साफ असून डिझेल कमी का? उस्तादांनी खूप विचार केला. शेवटी म्हणाले, "गाडीला चढाची धास्ती बसली. बाईमाणसाच्या हातात होती ना."

बायको तिथेच रोपांना पाणी घालत होती. तिने झारी खाली ठेवली.

"अहो, तो—"

"काय ठरलं होतं?"

"बरं," ती म्हणाली आणि झारी उचलली. स्पॅनरला मात्र वाटलं की वहिनी हसल्या.

शनिवारी सायलेन्सर उतरवला. उंदराने घर केलं असेल, असा स्पॅनरचा तर्क. उंदीर नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा कार्यक्रम असा गाडीच्या टोकापर्यंत पोचला, आणि पुढे काढायला काही उरलं नाही. संध्याकाळी उस्तादांनी गाडी धुतली. आरसे पुसले. नंबरप्लेट पुसली. विकायची गाडी धुतात तशी नाही, लग्नाच्या मुलीची वेणी घालतात तशी.

रविवार उजाडला. लोखंडी कपाट, पलंग, खोकी, सगळं चढवलं. बायकोने वरून पंधरावीस कुंड्या ठेवल्या. बायको उस्तादांच्या शेजारी, मुलगी आणि जावई मागे स्कूटरवर, त्यांच्या मागे स्पॅनर मोटरसायकलवर. आज नाही तर कधीच नाही. उस्तादांनी सपाटीवर वेग घेतला, इतका की कुंड्या खडखडल्या, आणि गाडी चढावर घातली. तिसरा. गाडी गेली. निम्मा चढ गेला. उस्तादांची छाती फुगली. मग आवाज बसला. दुसरा. पहिला. पायाखाली एक्सलेटर गच्च टेकला होता, दात आवळले होते, आणि गाडी गोगलगायीसारखी सरकता सरकता थांबली.

स्पॅनरने धावत येऊन मागच्या चाकाला धोंडा लावला. उस्ताद खाली उतरले. कोणाकडे पाहिलं नाही. गाडीला एकदा हात लावला, मग किल्ली काढली आणि जावयाच्या हातात ठेवली.

जावई कानकोंडा झाला. अहो बाबा, मी तसं म्हटलं नव्हतं, राहू द्या, असं काहीबाही तो बोलू लागला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. उस्ताद रस्त्याच्या कडेला जाऊन दरीकडे तोंड करून उभे राहिले.

तेवढ्यात बायको दुसऱ्या दारातून खाली उतरली.

"जावईबापू, आता गाडी तुमची ना?"

जावई म्हणाला, तसंच झालं म्हणायचं.

"मग तुमच्या गाडीबद्दल मी बोलले तर चालेल?"

जावई म्हणाला, चालेल की.

तिने स्पॅनरकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. ड्रायव्हरच्या बाजूला वाकली, रबरी मॅट ओढून बाहेर काढली, आणि स्क्रू फिरवू लागली. स्पॅनर मान घालून पाहत होता. एकाएकी त्याने मान बाहेर काढली आणि तो आभाळाकडे बघू लागला. उस्ताद ऐकत होते. स्क्रूच्या कुरकुरीवरूनच त्यांना काहीतरी आठवायला लागलं. कान तयारीचे होते, त्यात शंका नाही.

बायको ठोकळा हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"हा आता काढला तर चालेल का? की अजून माझ्यावर भरवसा नाही?"

उस्तादांनी ठोकळ्याकडे पाहिलं, मग मॅटकडे. जावयाने तोंडावर हात धरला. मुलीला आधी काही कळेना, मग कळलं, आणि ती स्कूटरच्या सीटवर डोकं टेकून हसत सुटली.

"मला आधी का नाही सांगितलंस?" उस्ताद शेवटी म्हणाले.

"दोनदा सांगायला आले. तुम्ही म्हणालात, गाडीबद्दल तू बोलायचं नाहीस."

बायकोने जावयाकडे हात पुढे केला. जावयाने किल्ली तिच्या हातात ठेवली. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. उस्ताद मुकाट्याने शेजारी बसले.

स्पॅनरने धोंडा काढला. बायकोने हँडब्रेक सोडला आणि पाय थेट तळाला नेला. टर्बोने अशी शिट्टी घातली की उस्तादांच्या अंगावर काटा आला. मागून काळा धूर भसकन निघाला. कपाट, पलंग, कुंड्या, सगळ्यांसकट गाडी वर झेपावली. दुसरा. तिसरा. वळणावर पाववाला सायकल ढकलत होता. तो पार कडेला झाला आणि त्याने पाहिलं. या वेळी तो हसला नाही. बायकोने त्याला हॉर्नही दिला नाही. नियम नियम असतो.

"हळू," उस्ताद म्हणाले. मग म्हणाले, "अगं, हळू." आणि समोर ब्रेक नसताना त्यांचा उजवा पाय जमिनीवर दण्‌दण् आपटत राहिला, थेट नव्या घराच्या फाटकापर्यंत.

सामान उतरलं. गाडी विकायचा विषय कोणी काढला नाही. किल्ली बायकोच्या पदराला राहिली, आणि ती परत मागायचं उस्तादांना धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंड्या पोचवायला जायचं होतं. उस्ताद आपल्या नव्या जागी, म्हणजे डाव्या बाजूला, बसायला गेले तर पाय कशाला तरी अडखळला. त्यांनी मॅट उचलून पाहिली. त्यांच्या पायासमोर तो लाकडी ठोकळा पक्का स्क्रू पिळून बसवलेला होता.

"हे काय?"

"तुमचा ब्रेक," बायको गाडी सुरू करत म्हणाली. "लागेल तेवढा दाबा."